अस्वलांच्या गावी दहा माणसे

श्रोतेहो, अस्वल म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अरण्य उभे राहत नाही, गल्ली उभी राहते. सकाळची वेळ. दुरून डमरूचा आवाज येतो आणि पोरेसोरे हातातले टाकून दाराशी धावतात. दरवेशी आलेला असतो. त्याच्या एका हातात डमरू, दुसऱ्या हातात काठी आणि दोर. आणि दोराचे दुसरे टोक एका काळ्या, झिपऱ्या, धुळीने माखलेल्या अस्वलाच्या नाकातून ओवलेले. दरवेशी म्हणे, ‘सलाम कर’, की ते मागच्या दोन पायांवर उभे राही. ‘नाच’ म्हटले की जड अंगाने डुले. एखादे पोर रात्री दचकून उठत असेल, तर त्याची आई दरवेश्याला आणा-दोन आणे देऊन त्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवी. भीती जाते म्हणत. शिवाय अस्वलाचा एक केस ताइतात घालून गळ्यात बांधत. माझ्याही गळ्यात असा ताईत होता.

आमचे अस्वलाविषयीचे सगळे ज्ञान एवढेच. त्यात भर पडली असेल तर ती दोन मित्र आणि अस्वल यांच्या गोष्टीची. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडतो, आणि अस्वल त्याच्या कानाशी काहीतरी सांगून निघून जाते. आणखी एक ऐकीव गोष्ट म्हणजे अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते. या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी कोणीही रानातले मोकळे अस्वल पाहिलेले नव्हते. आम्ही पाहिले होते ते वेसण घातलेले अस्वल.

दरवेश्याचा तो खेळ आता संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बेकायदा ठरला. तरी तो रस्त्यावरून खरोखर नाहीसा व्हायला त्यापुढे तीन-साडेतीन दशके लागली. अस्वले आश्रयस्थानांत गेली आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसरे उद्योग शोधावे लागले. झाले ते बरेच झाले. पण माणसाची हौस कायद्याने संपत नाही. अस्वल पाहावे, अगदी जवळून पाहावे, ही इच्छा आहे तशीच आहे. मग वेसण न घालता, पिंजऱ्यात न कोंडता अस्वल जवळून पाहता येईल काय? आज मला या प्रश्नाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी तुम्हाला जरा दूर न्यावे लागेल, अलास्कात.

अलास्का अगदीच परके वाटू नये म्हणून एक गंमत सांगतो. अलास्काच्या झेंड्यावर निळ्या आकाशात आपले सप्तर्षी आणि ध्रुवतारा आहेत. १९२७ साली झेंड्याची स्पर्धा झाली, तेव्हा बेनी बेन्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने काढलेले चित्र निवडले गेले. पाश्चात्त्य लोक ज्या तारकासमूहाला मोठे अस्वल म्हणतात, त्यातच आपले सप्तर्षी येतात. आणि आपल्याकडेही ‘ऋक्ष’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, अस्वल आणि तारा. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात सापडतो. तेव्हा मंडळी, अस्वलांच्या या मुलखाशी आपले आभाळापुरते तरी नाते आहे.

तिथले अस्वल मात्र आपल्या अस्वलाहून वेगळे. आपल्या मेळघाटात, चांद्याकडच्या रानात असते ते काळे अस्वल वारूळ फोडून वाळवी खाणारे, मोहाची फुले वेचणारे, मधाचे वेडे. त्याचे वजन सहसा दीडशे किलोंच्या आत. अलास्काच्या किनाऱ्यावरचे असते ते तपकिरी अस्वल. त्याचा मोठा नर साडेचारशे-पाचशे किलोंचाही भरतो. त्याच्या खांद्यावर मांसल उंचवटा असतो, वशिंडासारखा. हिवाळ्याचे पाच-सहा महिने ते गुहेत झोपून काढते, काही खात नाही, पीत नाही. मादीला पिल्ले होतात तीही या झोपेतच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. जन्मतः एकेक पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास. ती आईच्या अंगावरच्या चरबीवर वाढतात. म्हणजे उन्हाळ्याच्या चार महिन्यांत आईने जे खाल्ले असेल त्यावर दोन-तीन जिवांचा हिवाळा अवलंबून. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या नियमांचे मूळ इथे आहे.

उन्हाळ्यात त्यांना मिळते काय? तर सामन मासा. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि काही वर्षांनी अंडी घालायला परत नदीत, प्रवाहाविरुद्ध वर येतो. अंडी घातली की त्याचे आयुष्य संपते. अलास्काच्या नैर्ऋत्येला मॅकनील नावाची एक नदी आहे. समुद्राला मिळण्याच्या थोडे आधी तिच्या पात्रात खडकांची उतरंड लागते. धबधबा म्हणावा इतका उंच नाही, पण माशांना तिथे अडखळावे लागते. मासे अडखळले की अस्वले जमतात. जुलै-ऑगस्टात तिथे एका वेळी सत्तराहून अधिक अस्वले मोजली गेली आहेत. एरवी हे जनावर एकटे राहणारे, दुसऱ्याला जवळ न येऊ देणारे. पण पंगत मोठी असली की भांडणारे भाऊबंदही एका पानाशेजारी दुसरे पान मांडून बसतात, तसेच हे.

एवढा देखावा असल्यावर माणसे जमणार नाहीत काय? जमली. १९६७ साली अलास्का राज्याने हा भाग अभयारण्य म्हणून राखला खरा, पण येणाऱ्या माणसांवर बंधन नव्हते. छायाचित्रे काढणारे, हौशे-गवशे, ज्याला जसे सुचेल तसा तो नदीकाठी हिंडे. परिणाम व्हायचा तोच झाला. अस्वले बुजली, नदीवर कमी येऊ लागली. म्हणजे पाहायला येणाऱ्यांनीच पाहायची गोष्ट घालवायला आणली. तेव्हा १९७३ पासून राज्याच्या वन्यप्राणी खात्याने परवान्याची पद्धत सुरू केली. धबधब्यावर दिवसाला फक्त दहा माणसे. त्यांच्याबरोबर खात्याचे वाटाडे. बस. अकरावा माणूस कोणीही असो, तो नाही.

आता समजा, तुम्हाला जायचे आहे. तुम्ही काय कराल? मार्चच्या पहिल्या तारखेच्या आत अर्ज करायचा. अर्ज जागांच्या कितीतरी पट येतात. मग सोडत निघते, आपल्याकडे घरांची निघते तशी. समजा, तुमचे नशीब फळफळले आणि नाव निघाले. परवाना चार दिवसांचा. होमर नावाच्या गावाहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानात बसायचे आणि सुमारे दीडशे किलोमीटर खाडी ओलांडून जायचे. रस्ता नाही, वीज नाही, उपाहारगृह नाही. राहायचे आपापल्या तंबूत. पाऊस तर पाचवीला पुजलेला.

उतरल्यावर पहिले काम कोणते? अस्वल पाहणे नव्हे. पहिले काम म्हणजे पाहुण्यांची शाळा. वाटाड्या तुम्हाला बसवतो आणि सांगतो की अन्न तंबूत न्यायचे नाही. बिस्किटाचा तुकडा नाही, गोळी नाही. वास येणारे जे काही असेल ते सगळे स्वयंपाकाच्या लाकडी खोलीत ठेवायचे, तिथेच रांधायचे, तिथेच जेवायचे. एकट्याने कुठे भटकायचे नाही. झुडपांतून चालताना बोलत चालायचे. अचानक कोणाच्या पुढ्यात उभे राहू नये, हा साधा शिष्टाचार; अस्वलालाही तो आवडतो. पळायचे नाही, काही झाले तरी. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि माणूस त्याच्यापुढे पळून पळणार किती!

एक नियम तर मला फार आवडला. रोज त्याच वाटेने जायचे, त्याच सुमाराला, त्याच जागी बसायचे, आणि रोज तसेच वागायचे. दुसऱ्या शब्दांत, अस्वलाला आपला कंटाळा यावा असे वागायचे. सर्कशीत आणि दरवेश्याच्या खेळात जनावराने माणसाची करमणूक करायची असते. इथे माणसाने जनावराच्या दृष्टीने इतके नीरस व्हायचे की त्याने आपल्याकडे ढुंकूनही पाहू नये. असे झाले तरच ते आपल्यासमोर आपले जगणे जगते. नाहीतर आपल्याला दिसते ते आपल्याला भ्यालेले किंवा आपल्यावर चिडलेले अस्वल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघता. मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून चिखल आणि ओढा तुडवत तीनएक किलोमीटर चालायचे. पुढे वाटाड्या. त्याच्या खांद्याला बंदूक असते, हे खरे. पण तिथल्या वाटाड्याचे कौशल्य बंदुकीत नाही, डोळ्यांत आहे. समोर गवतात मादी दिसली की तो थांबतो. सगळ्यांना एकत्र उभे करतो. तिचे कान पाहतो, मान पाहतो, तोंड पाहतो. अस्वल जांभई देऊ लागले तर ते झोपाळले आहे असे समजू नका. भाषण ऐकताना श्रोत्याला येते ती जांभई वेगळी. अस्वलाची जांभई पुष्कळदा त्याच्या मनावरचा ताण सांगते. तोंडातून लाळ गळू लागली, फुस्कारे टाकले, दातांवर दात आपटले, तर समजावे की आपण फार जवळ आलो. मग वाटाड्या हलक्या आवाजात बोलतो आणि सगळ्यांना घेऊन मागे सरतो. वाट तिची, आपण पाहुणे.

आणि ते दोन पायांवर उभे राहणे! आमचा दरवेशी काठी उगारून जे करवून घेई, ते हे जनावर इथे आपण होऊन करते. पण ते सलाम करायला उभे राहत नाही की हल्ला करायलाही नाही. गवत उंच असते, त्यावरून दिसावे आणि वारा नाकात घ्यावा म्हणून ते उभे राहते. ‘हे कोण आले बुवा?’ एवढाच त्याचा अर्थ. इतकी वर्षे आपण त्या उभे राहण्याला टाळ्या वाजवल्या. ते जनावराचे विचारणे आहे हे आपल्याला माहीत नव्हते.

धबधब्याशी पोचल्यावर बसायला खडी घातलेली एक लहानशी मोकळी जागा असते. कुंपण नाही, भिंत नाही, जाळी नाही. तिथे सहा-सात तास बसायचे. अस्वले वीस-पंचवीस पावलांवरून येतात-जातात, क्वचित त्याहून जवळून. मोक्याच्या खडकावर मोठा नर. त्याने एक पाऊल टाकले की धाकटे आपण होऊन बाजूला होतात. कोणी पाण्यात डोके घालून मासा शोधतो, कोणी उडालेला मासा वरच्यावर धरतो, कोणी नुसता दुसऱ्याच्या माशावर डोळा ठेवून बसतो. मासे मुबलक झाले की खाण्यातही चोखंदळपणा येतो. डोके, कातडी आणि गाबोळी एवढे चरबीचे भाग खायचे, उरलेला मासा सोडून द्यायचा. त्यावर समुद्रपक्षी तुटून पडतात. पानात टाकू नये ही आपली शिकवण तिथे लागू नाही. त्याला हिवाळ्यासाठी चरबी हवी असते, आणि टाकलेले वायाही जात नाही.

या जागी एक नवल पाहायला मिळते, त्याची नोंद तिथल्या जाणत्यांनी केलेली आहे. मोठे नर कधी कधी पिल्लांना मारतात, म्हणून आया त्यांना भितात. आणि पुष्कळसे मोठे नर माणसांच्या फार जवळ यायला कचरतात. हे काही आयांच्या ध्यानात आले. मग त्या पिल्लांना घेऊन माणसांच्या बसण्याच्या जागेजवळ येतात, पिल्ले तिथे बसवतात आणि आपण मासे धरायला पाण्यात उतरतात. श्रोतेहो, क्षणभर विचार करा. पिल्लांची आई हे रानातले सर्वांत धोक्याचे जनावर, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तीच आई आपली पिल्ले माणसांच्या सावलीला ठेवून जाते. यासाठी त्या माणसांनी केले काय? काहीच केले नाही. खाऊ घातला नाही, हात लावला नाही, हाक मारली नाही. वर्षानुवर्षे नेमाने स्वस्थ बसले, एवढेच. १९७३ पासूनच्या चाळीसहून अधिक वर्षांत त्या जागी अस्वलाने एकाही पाहुण्याला इजा केली नाही, आणि त्याच काळात तिथे येणारी अस्वले वाढली.

माणसाला सरावलेले अस्वल आणि माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक कळला नाही तर काय होते, त्याची एक दुःखद कथा आहे. मिचिओ होशिनो हे जपानचे नामांकित वन्यप्राणी छायाचित्रकार. अलास्कातल्या प्राण्यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर गाजली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये रशियाच्या कामचाटका भागात, कुरील सरोवराकाठी, तंबूत झोपलेले असताना अस्वलाने त्यांना मारले. होशिनो नवशिके नव्हते, उतावळे नव्हते. पण ते अस्वल माणसाच्या अन्नाला सोकावलेले होते, असे त्या घटनेच्या वृत्तांतांत सांगितलेले आहे. कोणीतरी हौसेने दिलेल्या घासाची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. पुष्कळदा ती अस्वलालाही मोजावी लागते, कारण चटावलेले अस्वल अखेर गोळीला बळी पडते.

दुसरी कथा अलास्कातलीच आहे. मॅकनीलच्या शेजारी कॅटमाई हे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. टिमथी ट्रेडवेल नावाचा माणूस तेरा उन्हाळे तिथे अस्वलांच्या सहवासात राहिला. त्याच्यापाशी बंदूक नव्हती, वाटाड्या नव्हता. अस्वलांना तो नावे ठेवी, त्यांच्याशी बोले, हात लावी. त्याचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. २००३ च्या ऑक्टोबरात तो आणि त्याची सोबतीण अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावली, आणि त्या प्रकरणात दोन अस्वलेही गोळ्यांनी मारली गेली. त्याच्यावर पुढे २००५ साली चित्रपट निघाला, पुष्कळ वाद झाले. मला त्यातून एवढेच दिसते की दरवेश्याला अस्वल हवे होते चाकर म्हणून, ट्रेडवेलला हवे होते मित्र म्हणून. अस्वलाला मात्र दोन्ही व्हायचे नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मग मॅकनीलचे सगळे छानच चालले आहे. तसे नाही. त्या व्यवस्थेत एक अडचण आहे, आणि तीच मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. लॅरी ऑमिलर नावाच्या गृहस्थांनी १९७६ पासून जवळजवळ तीस उन्हाळे ते अभयारण्य सांभाळले. तिथली शिस्त पुष्कळशी त्यांनी बसवलेली. त्यांच्या देखरेखीखाली अस्वलांच्या कितीतरी पिढ्या माणसाला न भिता वाढल्या. पण अस्वलाला अभयारण्याची हद्द कशी कळणार? ते मासे संपले की टेकडी ओलांडून पलीकडे जाते. पलीकडच्या माणसाच्या हाती कॅमेरा आहे की रायफल, हे त्याला काय ठाऊक? २००५ साली अभयारण्यालगतच्या काही जमिनीवर अस्वलाच्या शिकारीला मोकळीक द्यायचा निर्णय झाला. ऑमिलर यांना तो मान्य नव्हता आणि त्यांनी ते काम सोडले. ज्या जनावराला आपणच ‘भिऊ नकोस’ म्हणून शिकवले, त्याला त्याच विश्वासापायी गोळी घालू देणे हा घात आहे, असे त्यांच्या बाजूच्या लोकांचे म्हणणे. पुष्कळांनी विरोध केला, आणि अंमल होण्याआधीच २००७ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मी या प्रकरणाचा पुष्कळ विचार केला. भीती ही रानातल्या जनावराची ढाल आहे. आपण पाहायला जातो तेव्हा ती ढाल त्याच्या हातून काढून घेतो. मग तिच्या जागी आपले काहीतरी ठेवणे भाग आहे. ते म्हणजे आपला शब्द. दहा म्हणजे दहाच माणसे, नेमलेली जागा म्हणजे तीच जागा, आणि हद्दीपलीकडेही दगा नाही. तो शब्द पाळायचा नसेल, तर अस्वलाने आपल्याला पाहताक्षणी पळून जावे हेच त्याच्या भल्याचे.

ही गोष्ट अलास्कातच संपत नाही. तपकिरी अस्वल आपल्या देशातही आहे. लडाखात द्रासकडे, काश्मीरात, हिमाचलात, उंच कुरणांवर. आकाराने लहान, रंगाने फिकट, संख्येने फार थोडे. काश्मीरात सोनमर्गच्या बाजूला ही अस्वले प्रवाशांनी टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगावर येताना आढळली आहेत, आणि त्यांच्या विष्ठेत प्लॅस्टिक सापडले आहे. कंदमुळे आणि गवत खाणारे ते जनावर आपल्या उष्ट्यावर आले. ते उष्टे टाकणाऱ्यांत आपल्याकडून सहलीला गेलेली मंडळीही असतील. सोनमर्गला मराठी ऐकू येत नाही असा मोसम सांगा पाहू! आपल्यापैकी कोणी अस्वलाला घास भरवला नाही, हे खरे. पण कचऱ्याचा ढीग म्हणजे न बोलावता वाढलेले ताटच.

आणि आपले व्याघ्रप्रकल्प? तिथे जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते, वाटाड्याही बरोबर असतो. व्यवस्था वाईट नाही. पण वाघ दिसला की काय होते ते तुम्ही पाहिले असेल. पुढे गाडी, मागे गाडी, आणि प्रत्येक गाडीतून एकच आवाज, ‘अजून जवळ घ्या, जरा पुढे घ्या.’ वाटाडा जवळच्या गावचा मुलगा असतो. त्याला नियम ठाऊक असतो, पण त्याला पाहुण्याची खुशीही हवी असते. घरी चूल त्यावर पेटते. नियम मोडायला आपण त्याला भाग पाडतो आणि मागून म्हणतो, ‘इथे शिस्त नाही हो!’ तिकडच्या वाटाड्याजवळ बंदूक असते, पण त्याची खरी ताकद ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकारात आहे. तो अधिकार आपल्या वाटाड्यालाही देता येईल. त्याला सरकारी फर्मानाची वाट पाहायला नको. गाडीत बसलेल्या सहा जणांनी मनावर घेतले की पुरे.

तेव्हा पुढच्या खेपेला तुम्ही मेळघाटात जा, ताडोब्यात जा, नाहीतर कुठल्याशा देशी अस्वले पाहायला जा. गाडीत बसताच वाटाड्याला आपण होऊन एवढेच सांगा, ‘बाबा, तुला जिथे थांबवेसे वाटेल तिथे थांब. आम्ही जवळ घे म्हणणार नाही. आणि काही दिसले नाही तरी तुझी बक्षिसी ठरलेली आहे.’ त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहा. त्या दिवशी जनावर दिसेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण दिसले, तर ते आपल्याला पाहून कान टवकारणार नाही, पळणार नाही. एकदा मान वर करील, पुन्हा खाली घालील आणि वारूळ उकरत राहील.

माझ्या गळ्यातला तो ताईत लहानपणीच कुठेतरी हरवला. त्यात ज्या अस्वलाचा केस होता, त्याच्या नाकातल्या दोराची जखम मात्र मला अजून दिसते. अस्वल पाहायचे तर कोणाला तरी वेसण लागते, हे त्या दरवेश्याला कळले होते. ती आपण स्वतःला घालायची असते, हे शिकायला आम्हाला फार वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये.